"माझ्यात भाषेची उपजत देणगीच नाही"

माझ्याकडे सल्ला विचारायला आलेल्या एक बाई पेशाने परिचारिका, वय चाळिशीचं. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नोकरीसाठी जर्मन शिकत होत्या. "मॅडम, भाषा शिकायची शक्ती जन्मजात असते आणि वयाबरोबर आटते म्हणतात. वर्गातली मुलं फडाफडा बोलतात, माझं क्रियापद रोज चुकतं. सोडून देऊ का?"

ही भीती मी फार जणांकडून ऐकते. तिच्यात दोन गोष्टींची गल्लत असते. भाषेची चौकट माणसाच्या मेंदूत उपजत असते, हे भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांचं म्हणणं सगळ्या माणसांविषयी आहे. एकाला मिळाली आणि दुसऱ्याला नाही, अशी ती देणगी नव्हे. वयाचा मुद्दा वेगळा. भाषा सहज आत्मसात होण्याचा काळ वयात येईपर्यंतचा, असं भाषेचे अभ्यासक एरिक लेनेबर्ग यांनी 1967 मध्ये मांडलं. मोठेपणी दुसरी भाषा शिकताना ती उपजत चौकट कितपत हाताशी राहते, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे.

मी त्यांना दोन वाक्यं म्हणायला लावली: मी चिठ्ठी वाचली, मी पुस्तक वाचलं. क्रियापद 'मी'ला सोडून चिठ्ठीमागे, पुस्तकामागे का गेलं? त्यांना नियम सांगता येईना. पण बोलताना तो कधी चुकलाही नव्हता, शाळेत जायच्या आधीपासून.

मग चुकांची वही मागवली, आणि खरं काम तिथे झालं. चुका विखुरलेल्या नव्हत्याच. जर्मनमध्ये साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी येतं, 'कारण', 'की' अशा शब्दांनी जोडलेल्या गौण वाक्यात मात्र शेवटी जातं. त्यांची गौण वाक्यं बहुतेक बरोबर होती. चूक साध्या विधानांत, कारण तिथेही त्या मराठीसारखं क्रियापद शेवटी ठेवत होत्या. तुर्की आणि कोरियन या भाषांतही क्रियापद शेवटी येतं, आणि ते भाषक जर्मन शिकताना सुरुवातीला हेच करतात, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. म्हणजे त्यांचं डोकं नियमानेच चाललं होतं, फक्त नियम मराठीचा होता. हे उमगल्यावर त्या पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या.

वयाचंही सांगितलं. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या, 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या काही महिन्यांत किशोर आणि प्रौढ लहान मुलांच्या पुढे होते. मुलांनी पुढे त्यांना गाठलं, हेही लपवलं नाही. उच्चारात मराठी वळण बहुधा राहील, हेही स्पष्ट बोलले. रुग्णाशी बोलायला त्याची आडकाठी नाही.

आता त्या रोज थोडं जर्मन नुसतं ऐकतात आणि साध्या विधानांत क्रियापदाखाली रेघ मारतात. वर्ग सोडलेला नाही. घाईत क्रियापद अजून शेवटी जातं, पण आता ते त्यांच्याच लक्षात येतं.