पोरगं बेंचवरच बसूलालंय, काय करू? : रविवारच्या फुटबॉल लीगबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की गल्लीतल्या, गावातल्या बारक्या पोरांच्या फुटबॉल लीगबद्दल काय विचारायचं असेल तर विचारा. म्हणजे ती लीग, जिथं निवड चाचणी नसते, फी नावापुरती असते आणि कोच म्हणजे कुणाचा तरी बाबा नाहीतर मामा असतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं पत्रं भरपूर आली आणि त्यातली निम्मी एकाच विषयावर, की आमच्या पोराला खेळवत नाहीत. त्यामुळं उत्तरांत तेच तेच आलं तर चालवून घ्या.

प्रश्न : काका, माझा मुलगा नऊ वर्षांचा. आमच्या गल्लीच्या मंडळानं यंदा दहा वर्षांखालच्यांची लीग काढलीय, टीम झाल्या आठ आणि कोच मिळाले पाच, मग मंडळाची पोरं घरी आली आणि म्हणाली काकू एक टीम तुम्ही घ्या. मी जन्मात बॉलला पाय लावला नाही, ऑफसाइड म्हणजे काय ते आमच्या ह्यांनी कितीदा सांगून पण डोक्यात शिरत नाही. नाही म्हणायला पण जीव होत नाही. — एक आई, शहापूर

उत्तर : घ्या की. ऑफसाइडचं टेन्शन पहिलं सोडा, एवढ्या बारक्यांच्या चार-चार, पाच-पाचच्या मॅचमध्ये बहुतेक ठिकाणी ऑफसाइड लावतच नाहीत. नऊ वर्षांच्या पोरांना वेळेवर येणारं, सगळ्यांची नावं लक्षात ठेवणारं आणि ओरडून न बोलणारं एक मोठं माणूस लागतं, ते तुम्ही आहातच.

तासाभराचा सराव धरा. पोरांना रांगेत उभं करून एकेक शॉट मारायला लावू नका, बारा पोरांची रांग म्हणजे अकरा पोरं रिकामी आणि रिकामं पोर म्हणजे मारामारी. मैदानाला चार राउंड हा प्रकार पण नको, ती पोरं दिवसभर पळतच असतात. सुरुवातीला प्रत्येकाला एकेक बॉल, नसतील तर दोघांत एक, आणि आपला बॉल सांभाळत दुसऱ्याचा बाहेर घालवायचा एवढाच खेळ दहा-पंधरा मिनिटं, मग दोघांविरुद्ध दोघं, आणि शेवटचा अर्धा तास सरळ मॅच. मैदान बारकं करा. अमेरिकेत आठ वर्षांपर्यंतची पोरं चार विरुद्ध चार खेळतात, गोलकीसुद्धा नसतो, 9-10 वर्षांची सात-सात आणि 11-12 ची नऊ-नऊ, अकरा-अकरा त्याच्यानंतर. आपल्याकडं लेले ग्राउंडएवढी जागा दिसली की तिसरीतल्या पोरांना पण अकरा-अकरा लावून मोकळे, मग दोन दांडगी पोरं बॉल घेऊन फिरतात आणि बाकीची गवत उपटत बसतात.

खरं काम मैदानाबाहेरचं. एक वही करा, त्यात पालकांचे फोन नंबर, कुणाला दमा आहे, कुणाला फिट येते, कोण कुणाला न्यायला येणार. सरावाला तुमच्याशिवाय अजून एक मोठं माणूस हवंच, आणि एकट्या पोराला एकट्या मोठ्या माणसानं गाडीवरनं कुठं न्यायचं नाही. तुमच्यावर संशय म्हणून नव्हे, नियम सगळ्यांना सारखा. आणि गोलपोस्ट हलवून बघा. फॅब्रिकेशनवाल्याकडनं लोखंडी पाइपचे सुटे पोस्ट करून आणतात आणि नुसते ठेवून देतात, पोरं आडव्या दांडीला लोंबकळतात आणि सगळा सांगाडा पुढं येतो, अशानं बाहेरच्या देशांत पोरं दगावलीत. सुटा पोस्ट असला तरी जमिनीला पक्का बांधलेला पाहिजे हे फुटबॉलच्या पहिल्याच नियमात लिहिलंय. खुंट्या ठोका, मागच्या पाइपवर वाळूची पोती टाका. ते होत नसेल तर प्लास्टिकचे दोन कोन ठेवा आणि त्याच्यातनं गोल.

पुढं गोडी लागली तर ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचे कोचसाठी ग्रासरूट्सचे आणि डी लायसन्सचे कोर्स असतात. पण ते पुढच्या वर्षी बघू.

प्रश्न : दुकानदार म्हणतो पाच नंबरचा बॉल घ्या, पोरं मोठी झाली तरी चालतो. घेऊ का? — हिंडलगा

उत्तर : नको. पाच नंबर म्हणजे 410 ते 450 ग्रॅम, तो तेरा वर्षांपासून पुढं. आठपर्यंत तीन नंबर, नऊ ते बारा चार नंबर. बूट पण विचारलेत म्हणून सांगतो, दिवाळीनंतर आपली तांबडी जमीन दगडासारखी होते, तिथं बारक्या रबरी टिकल्यांचे टर्फ शूज बरे, लांब स्टडचे महागाचे घेऊ नका. शिनगार्ड, म्हणजे नडगीवरचं पॅड, मात्र हवेच, आणि मोज्याच्या आतनं.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा, अंगानं बारका. सात-सातची लीग आहे, टीममध्ये दहा पोरं. सगळ्या सरावाला जातो पण मॅचला कोच त्याला शेवटची पाच मिनिटं उतरवतात, एकदा तर तेवढी पण नाही. विचारलं तर म्हणतात आधी जिंकायचं बघूया. पोरगं आता रविवारी पोट दुखतंय म्हणूलालंय. — एक वडील, निपाणी

उत्तर : पोट दुखणारच हो. पैसे भरून, सकाळी उठून, दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या राखायला कुठलं पोरगं जाईल?

निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या मॅच बघत मोठे झालेले लोक तिथं, आणि तो तालमींचा फुटबॉल भारीच, पेठेच्या इज्जतीचा सवाल असतो, तिथं कोच कुणाला बसवतो ते कोच बघेल. पण ते मोठ्यांचं. बारा वर्षांखालची गल्लीची लीग वेगळ्या कामासाठी असते आणि आपले लोक दोन्हीत गल्लत करतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडनं खेळला तेव्हापासनं तर इकडच्या प्रत्येक कोचला वाटतंय पुढचा आपल्याच टीममधनं निघणार. निघू दे की, पण तोपर्यंत बाकीच्या नऊ पोरांनी काय करायचं?

अमेरिकेत आयसो म्हणून पोरांच्या फुटबॉलची संस्था आहे, 1964 साली कॅलिफोर्नियात टॉरन्सला निघाली, सगळा कारभार व्हॉलंटियर पालकांचा. त्यांचं पहिलं तत्त्वच प्रत्येकजण खेळणार, म्हणजे प्रत्येक पोराला किमान अर्धी मॅच मिळालीच पाहिजे, मग ते कसंही खेळू दे. आणि टीम पाडताना पण ताकद सारखी वाटतात, एकानंच सगळे चांगले उचलायचे नाहीत. हाच नियम तुमच्या लीगच्या कागदावर आणा, एका कोचला दोष देऊन काय होत नाही, कारण तो एकटा सगळ्यांना खेळवून हरला तर बाकीचे हसणार.

हिशोब पण सोपा आहे. सात जण, चाळीस मिनिटांची मॅच म्हणजे 280 मिनिटं, दहा पोरांत वाटली की प्रत्येकी 28. पोरांच्या फुटबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत आत यायची सोय नियमातच करून ठेवलीय, त्यामुळं दर काही मिनिटांनी बदली करायला अडचण काय नाही. एक पालक फक्त घड्याळ आणि वही घेऊन बसवा. ते काम तुम्हीच मागून घ्या, सगळ्यात भारी. वहीत मिनिटं दिसायला लागली की कोचला पण लाज वाटते.

कोचशी बोलायचं तर मॅचच्या दिवशी नको, बुधवारी-गुरुवारी संध्याकाळी चहाला गाठा. माझा पोरगा अमक्यापेक्षा चांगला आहे असं चुकूनही म्हणू नका, किती मिनिटं मिळतील एवढंच विचारा. आणि बारका म्हणून काळजी करू नका. वयोगट 1 जानेवारीला धरला तर जानेवारीतला आणि डिसेंबरातला एकाच गटात येतात, जवळजवळ वर्षाचं अंतर, त्या वयात वर्ष म्हणजे चार बोटं उंची आणि तेवढीच ताकद. लोक ताकदीलाच टॅलेंट समजतात. चौदा-पंधराला हे सगळं उलटंपालटं होतं, फक्त तोपर्यंत पोरगं मैदानावर टिकलं पाहिजे.

प्रश्न : मे महिन्यात सुट्टीची लीग घेतो. वळीव आला की मॅच थांबवायची की नाही यावर दरवेळी भांडण. — खानापूर तालुका

उत्तर : पावसानं थांबवू नका, विजेनं थांबवा. गडगडाट ऐकू आला की लगेच सगळे मैदानाबाहेर, दोन-एक झालंय, बरोबरी व्हायला आलीय वगैरे काही ऐकायचं नाही. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडखाली नाही, शाळेच्या पक्क्या इमारतीत नाहीतर बंद कारमध्ये. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबायचं, मधे परत ऐकू आला तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासनं. हा निर्णय एकाच माणसाकडं द्या आणि त्याचं पोर त्या मॅचमध्ये नसेल असं बघा.

याच पत्रात हेडिंगचं, म्हणजे डोक्यानं बॉल मारण्याचं, पण विचारलंय. अमेरिकेच्या फेडरेशननं 2015 मध्ये दहा आणि त्याखालच्या पोरांना हेडिंग बंद करायचं ठरवलं, इंग्लंडनं 2020 मध्ये प्रायमरीच्या पोरांच्या सरावातनं काढलं. तुम्ही पण काढा, पोरांचं काय बिघडत नाही. आणि डोक्याला मार बसून पोर गरगरतंय, उलटी आली म्हणतंय, तेच तेच विचारतंय, तर त्या दिवशी परत आत नाही, तोंडावर पाणी मारून उभं करायचं नाही, सरळ डॉक्टर.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची, पोरांच्यात खेळते आणि बरी खेळते. गावात बोलतात. तिची आजी तर रोज. वेगळी मुलींची टीम करायला तेवढ्या मुली नाहीत. — एक वडील, खानापूर तालुका

उत्तर : या वयात एकत्र खेळायला काही हरकत नाही, आपल्या ऑल इंडिया फेडरेशनच्या बेबी लीग तर सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींना एकत्रच धरून काढलेल्या. गावातलं बोलणं एकटी मुलगी असते म्हणून होतं. लीगवाल्यांना सांगा की एका टीममध्ये एकच मुलगी ठेवू नका, दोघी-तिघी एकत्र द्या, आणि एखादी ताई किंवा काकू दरवेळी मैदानावर असू दे. बाथरूमची सोय बघा, मुली खेळ सोडतात त्यात हे कारण मोठं असतं आणि कुणी तोंडानं सांगत नाही. शाळेच्या मैदानावर खेळत असाल तर रविवारी बाथरूमची चावी शिपाईमामांकडनं घेऊन ठेवणं हे पण व्हॉलंटियरचंच काम. आजींना एकदा मॅच बघायला आणा. नातीला कुणी पाडलं की त्याच पहिल्या उठून उभ्या राहतील, लिहून ठेवा.

प्रश्न : मी लीगचं रेफ्रींचं बघतो. पीयूसी सेकंड इयरची, म्हणजे बारावीची, पोरं शिट्टी घेऊन उभी राहतात, आणि बाहेरनं पालक मराठीत, कन्नडमध्ये, उर्दूत, जमेल त्या भाषेत त्यांचा उद्धार करतात. दोन पोरं सोडून गेली. — बेळगाव कॅम्प

उत्तर : आपल्याकडं शिव्या देताना भाषेचा वाद कधी होत नाही, तेवढंच एक चांगलं.

पालक सगळे एका बाजूला आणि टीम दुसऱ्या बाजूला, गोलच्या मागं कुणी नाही. पालकांच्या बाजूला लाइनीपासनं तीन-चार पावलं सोडून दोरी. नुसत्या दोरीनं निम्मा आवाज कमी होतो, खरंच. प्रत्येक टीमचा एक पालक नेमा, बिब (शर्टावरनं घालायचं बिनबाह्यांचं रंगीत जाकीट) घालून, त्याचं काम आपल्या लोकांना गप्प करणं. रेफ्रीला पालकांना कार्ड दाखवता येत नाही, पण बाहेरच्या त्रासापायी मॅच थांबवायचा, अगदी रद्द करायचा अधिकार पाचव्या नियमानं त्याला दिलाय. तो वापरायला पोरांना शिकवा आणि वापरला तर कमिटीनं मागं उभं राहा, इथंच बहुतेक लीग कच खातात कारण ओरडणारा माणूस वर्गणी देणारा असतो. महिन्यातला एक रविवार असा ठेवा की बाहेरनं फक्त टाळ्या, कोचनं पण गप्प. अमेरिकेत काही लीग हे करतात. पोरं एकमेकांशी बोलायला लागतात मग, हाक मारून पास मागतात.

सोडून गेलेल्या दोघांच्या घरी कमिटीतल्या कुणीतरी मोठ्यानं जाऊन या.

प्रश्न : एक पुढारी सगळ्यांना जर्सी द्यायला तयार आहेत, फोटो छातीवर पाहिजे म्हणतात. — चिकोडी

उत्तर : बॉल द्या म्हणावं. बॉलवर फोटो छापला तर पोरं लाथा घालतील, त्यामुळं तो आग्रह होणार नाही. जर्सी लागतच नाही, दोन रंगांचे बिब पुरे.

प्रश्न : काका, मी पंधरा वर्षांचा, एसएसएलसीला म्हणजे दहावीला आहे. फुटबॉल आवडतो पण मी फार चांगला नाही, शाळेच्या टीममध्ये घेतलं नाही. गल्लीच्या लीगमध्ये खेळू का, का लाज वाटेल? मला बारक्यांना शिकवायला पण आवडेल. घरचे म्हणतात परीक्षा झाल्यावर बघ. — अनगोळ

उत्तर : खेळ की बाबा, तुझ्यासाठीच असते ती लीग. शाळेच्या टीममध्ये जागा मोजक्या, इथं कोण बाहेर ठेवत नाही, आणि ठेवलं तर वरचं निपाणीचं उत्तर कापून कोचला दे.

शिकवायचं म्हणशील तर आठ वर्षांखालच्यांना तुझ्यासारखाच लागतो, त्यांना मोठ्या कोचपेक्षा दादा जास्त आवडतो. एकट्यानं टीम घेऊ नको, एखाद्या काकांच्या हाताखाली राहा. बारक्यांच्या मॅचला शिट्टी पण मारून बघ, नियम पाठ होतात आणि पुढं रेफ्रीची परीक्षा द्यायची झाली तर उपयोगी पडतं. घरच्यांना सांग रविवारी सकाळचे दोन तास, एक तास तुझी मॅच आणि एक तास बारक्यांचा, नऊला घरी. फेब्रुवारीत शिकवणं बंद ठेव, मार्चात परीक्षा आहे, त्यावर मी काय घरच्यांशी भांडणार नाही.

रविवारी साडेसहाला मैदानावर जा आणि रेघा आखायला फक्की मारणाऱ्या माणसाला म्हण मी मारतो. नव्या पोराला ओळख करून घ्यायला याच्यापेक्षा सोपं काम नाही. फक्त कळीचा चुना असेल तर हात लावू नको, डोळ्यात गेला की भाजतं, रांगोळीची पांढरी पावडर मागून घे.