तोंडी 'चालतंय की'वर रात्रीची रिले काढू नका

रात्रीच्या रिलेची, म्हणजे आळीपाळीनं पळायच्या शर्यतीची, तयारी कशी करायची असं तुम्ही पोस्टमध्ये विचारलंय: ८ जण, कोल्हापूर ते गगनबावडा आणि परत, संध्याकाळी ६ ला फुलेवाडीतून सुटायचं आणि उजाडता उजाडता परत यायचं. बूट कोणते, हेडलॅम्प किती ल्युमेनचा, यावर इतरांची भरपूर उत्तरं आलीत, म्हणून ते सोडतो. तुमच्या पोस्टमधलं एकच वाक्य वाचून पोटात गोळा आला: "परवानगीचं साहेबांशी बोलणं झालंय, चालतंय की म्हणालेत." हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे.

तोंडी होकार त्या टेबलापुरता असतो. रात्री दोनला गस्तीची गाडी तुमच्या रनरपाशी थांबते, तेव्हा आतल्या हवालदाराला तो साहेब आणि ते टेबल काहीच ठाऊक नसतं. त्यात या रस्त्यावर पोलीस ठाण्यांच्या हद्दी बदलत जातात: शहर, करवीर, कळे, गगनबावडा. हद्दीच्या अलीकडं कुणीतरी हो म्हणालंय याला पलीकडं काही किंमत नाही. हवालदाराचंही चूक नाही, काळोखात पळणाऱ्या माणसाला थांबवून विचारणं हे त्याचं कामच आहे.

एक कार्यालय आहे, नाव घेत नाही. तिथं अर्ज हसतमुखानं घेतात, "ठेवून जावा, बघतो" म्हणतात आणि नोंद करत नाहीत. आठवड्यानं गेलं की "हे आमच्याकडं येत नाही, रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं पत्र आणा." रस्तेवाले म्हणतात, आधी यांची ना-हरकत आणा. दोन्हीकडून फिरून यावं तर मूळ अर्जच सापडत नाही, आणि नोंद नसल्यामुळं तो दिला होता हे सिद्धही करता येत नाही. महिनाभराची तयारी अशी एका हरवलेल्या कागदापायी मातीत जाते. चहा मात्र दरवेळी पाजतात, हे खरं.

म्हणून अर्ज कायम दोन प्रतींत न्या. एक प्रत आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घेऊन या. ही पोहोच हातात पडल्याशिवाय तिथून हलू नका, "साहेब जेवायला गेलेत" म्हटलं तरी बाकड्यावर बसून राहा. त्याच दिवशी वाटेतल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला आणि रस्त्याच्या खात्याला "प्रत माहितीसाठी सादर" अशी एकेक प्रत द्या, तिचीही पोहोच घ्या. अर्जात गोड भाषा कमी आणि तक्ता जास्त हवा: बॅटन (पुढच्या रनरच्या हाती द्यायची कांडी) बदलायचं प्रत्येक ठिकाण, तिथली अंदाजे वेळ कधीपासून कधीपर्यंत, गाडी क्रमांक, चालकाचं नाव आणि मोबाईल. एका वेळी रस्त्यावर एकच रनर असेल, वाहतूक अडवणार नाही, स्पीकर लावणार नाही, हेही लिहा. किमान महिनाभर आधी द्या. पोहोच म्हणजे परवानगी नव्हे, हे लक्षात असू द्या. पण पाठपुरावा करायला हातात तेवढाच दांडका असतो. लेखी उत्तर आलं की त्याची झेरॉक्स प्रत्येक गाडीत ठेवा. (मी वकील नाही. नियम बदलतात, तिथं जाऊन खात्री करून घ्या.)

आता तक्त्यातल्या जागा. साधारण ११० किलोमीटर, ८ जण, प्रत्येकी दोनदा पळायचं म्हणजे ७ किलोमीटरचे १६ टप्पे. उजेड आहे म्हणून बरेच जण साखर कारखान्याजवळची जागा निवडतात. कुडित्रे आणि असळज दोन्हीकडं कारखाने आहेत आणि गळीत हंगामात तिथं रात्रभर उसाच्या ट्रॅक्टरची रांग असते. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचे रिफ्लेक्टर पाल्यानं झाकलेले. पुष्कळ ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू असतो. उजव्या बाजूनं, म्हणजे वाहनांच्या समोरून, पळणाऱ्याला वाटतं मोटरसायकल येतेय, म्हणून तो डांबरावरच राहतो आणि ऐन वेळी उसाची टोकं खांद्याला घासून जातात. टीमला एकच नियम द्या: एक दिवा दिसला की डांबर सोडायचं. बॅटनच्या जागा कारखान्यापासून किलोमीटरभर तरी लांब, गाडी पूर्ण रस्त्याखाली उतरेल अशा ठेवा.

वेळेचं गणित कागदावर चुकतंच. किलोमीटरला साडेसहा मिनिटं धरली तर ११ तास ५५ मिनिटं होतात. रात्री सहज अर्धा मिनिट वाढतो, की झाले १२ तास ५० मिनिटं. त्यात पहिले दोन-तीन रनर जोशात वेळेआधी पोचतात. म्हणजे सुरुवातीला रनर हजर आणि पुढचा गायब, पहाटे उलट: पुढचा तासभर थंडीत कुडकुडतोय. झोपलेल्याला घड्याळावर उठवू नका, बॅटनवर उठवा. नवव्या टप्प्याचा रनर सुटला की दहाव्या टप्प्याच्या रनरला उठवायचं. टप्पा साधारण पाऊण तासाचा असल्यानं डोळे उघडायला, पोट साफ करायला, अंग गरम करायला तेवढा वेळ बरोबर मिळतो. गगनबावड्याकडं रेंजचा भरवसा नाही, त्यामुळं फोनवर विसंबू नका: बॅटन बदललं की सपोर्ट गाडीनं संपलेल्या रनरला घेऊन थेट पुढच्या जागी जायचं आणि उठवायचं काम तिनंच करायचं.

नेटवर मिळणारी वेळापत्रकं बहुतेक १२ जण, ३६ टप्पे, दोन व्हॅन या सूत्राची असतात. ते अमेरिकेतल्या १९८२ साली सुरू झालेल्या हूड टू कोस्टसारख्या शर्यतींचं आहे. ८ जणांवर ते लादू नका. आणि चालक पळणाऱ्यांपैकी नको, हे माझं ठाम मत. पहाटे तीन ते पाच स्टेअरिंगवरची डुलकी रनरच्या मुरगळलेल्या पायापेक्षा कितीतरी महाग. एका गाडीला दोन चालक.

खाण्याचं थोडक्यात: दही-भात, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, गुळाची चिक्की. मिसळ आणि भडंग शर्यत संपेपर्यंत बंद, कितीही जीव झाला तरी. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्याचं असतं, ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका, उलटी होते. नदीकाठी धुकं असलं तर हेडलॅम्प कपाळावरून काढून कमरेला बांधा, नाहीतर समोर पांढरी भिंतच दिसते. गगनबावड्याच्या बाजूला गवा दिसला तर थांबा, मागं सरका, गाडी येऊ द्या. व्हिडिओ काढत बसू नका.

तारीख पक्की नसेल तर जानेवारी सोडा, तेव्हा गळीत हंगाम असतो. पावसाळ्यात मांडुकलीला रस्त्यावर पाणी येतं, उन्हाळ्यात डांबर रात्रीही तापलेलं. माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, कारखान्यांची धुराडी पेटायच्या आधी. एखादी परतीची सर अंगावर येईल, पण उसाच्या ट्रॉल्या नसतील. मग अर्ज मात्र ऑगस्टमध्येच टाका.