तालीम : 'ताल' सोडा, 'इल्म' धरा

प्रश्न असा आला आहे : एकोणिसाव्या शतकातले मुस्लिम सुधारक सर सय्यद अहमद खान यांच्यावरच्या एका मराठी लेखात 'त्यांनी मुसलमानांमध्ये तालमीचा प्रसार केला' असं वाक्य आहे. तालीम म्हणजे आखाडा ना? आणि पैलवान ताल ठोकतात म्हणून तालीम, ही व्युत्पत्ती बरोबर का?

साफ चूक. ही 'ताल'ची कथा ऐकून ऐकून कान किटले आहेत. ताल ठोकतात ते हिंदीत. आपला पैलवान शड्डू ठोकतो. ताल संस्कृत, तालीम अरबी. त्यांचं नातं फक्त पहिल्या दोन अक्षरांपुरतं.

मूळ धातू 'इल्म'चा, म्हणजे जाणण्याचा. मालूम, आलिम (म्हणजे विद्वान), उलेमा ही सगळी त्याचीच पोरं. (उलेमा हे आलिमचं अनेकवचन आहे. 'एक उलेमा म्हणाले' असं कृपा करून लिहू नका.) आता खरी गंमत पाहा. अरबीत धातूची तीन व्यंजनं ठरावीक साच्यात ओततात. त्या साच्याला तिथले व्याकरणकार 'वजन' म्हणतात. मधलं व्यंजन दुहेरी केलं की 'जाणलं'चं 'जाणवून दिलं, शिकवलं' होतं, आणि त्या क्रियापदाचं नाम तालीम. याच साच्यातून तहसील निघाला, ज्याचा भाऊ आपल्या 'त्यात काय हशील?' मध्ये बसला आहे. तपशील निघाला, ज्याचा भाऊ फसली सालात आहे. ताकीद, तजवीज, तकलीफ, तारीख, सगळे याच साच्यातले. आणि तसदी! अरबीत त्याचा शब्दशः अर्थ 'डोकेदुखी देणं'. आपण 'तसदी घेतल्याबद्दल आभार' म्हणतो तेव्हा केवढी अचूक गोष्ट बोलतो!

सर सय्यद यांनी 1870 मध्ये काढलेल्या मासिकाचं नाव 'तहजीब-उल-अखलाक'. तहजीबही याच साच्यातला. मूळ अर्थ फांद्या छाटून झाड नीटस करणं. त्याआधी 1864 मध्ये गाझीपूरला त्यांनी सायंटिफिक सोसायटी काढली होती, इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणायला. पुढे 1875 मध्ये अलीगढला शाळा निघाली, तिचंच कॉलेज आणि 1920 मध्ये विद्यापीठ झालं. त्या शाळेचं उर्दू नाव काय, तर 'मदरसतुल उलूम'. उलूम म्हणजे इल्मचं अनेकवचन. नऊ वर्षं आधी देवबंदला निघालेल्या दारुल उलूमच्या नावातही हाच शब्द. मदरसा म्हणजे केवळ धार्मिक शाळा असं ठासून सांगणाऱ्यांनी हे नाव दोनदा वाचावं. मदरसा म्हणजे धडे घेण्याची जागा, बस्स.

पण एका बाबतीत माझा खुद्द सर सय्यद यांच्याशीच वाद आहे. एका उर्दू निबंधात ते म्हणतात की तालीम आणि तरबियत एकच समजणं ही मोठी चूक; माणसात जे आहे ते बाहेर काढणं ही तालीम, आणि त्याला कामालायक करणं ही तरबियत. विचार सुंदर आहे, पण 'बाहेर काढणं' हे त्या अरबी शब्दात कुठेच नाही! ते आलं आहे इंग्रजीतून. 'एज्युकेशन'चा लॅटिन अर्थ 'आतलं बाहेर काढणं' असा लावायची तिकडे आवड होती. 1869-70 मध्ये ते इंग्लंडात राहून आले होते. त्यांनी त्या परक्या अर्थाला अरबी अंगरखा चढवला, असं माझं ठाम मत आहे. सुधारक म्हणून मी त्यांना मानतो. व्युत्पत्तीत मात्र नाही.

मूळ अर्थाशी इमान राखलं ते मराठीने. अरबीत मधलं व्यंजन दुहेरी झालं की कधी 'करवणं' येतं, तर कधी 'पुन्हा पुन्हा करणं'. आखाड्यात डोकावून बघा : तांबड्या मातीत दोन पोरं तोच पटाचा डाव टाकताहेत, दहाव्यांदा, विसाव्यांदा, आणि कडेला वस्ताद उभा आहे. वस्ताद म्हणजे उस्ताद, म्हणजे शिक्षक! नाटकवाल्यांची तालीमही तीच : तेच वाक्य, तीच हालचाल, शेवटी रंगीत तालीम. 'तालीमखाना'मधला खाना गळाला आणि जागेलाही तालीम म्हणू लागले, एवढंच. मग कोल्हापूरची गंगावेस तालीम ही शाळाच नाही तर काय?

त्या वाक्यात मात्र 'शिक्षणाचा प्रसार' असंच हवं. मराठीत 'तालमीचा' म्हटलं की नाकाला तेल आणि मातीचा वास येतो, त्याला लेखकाचा इलाज नाही. गांधीजींच्या वर्ध्याच्या शिक्षणयोजनेचं 'नई तालीम' यासारखं नाव असेल तर ते तसंच ठेवावं.

आणि सर सय्यद यांचा दुसरा शब्द, तरबियत, मराठीत आलाच नाही असं समजू नका. आधी तो 'तरबेत' झाला, आणि आज आपण ज्याला पोहण्यात किंवा हिशेबात 'तरबेज' म्हणतो, तोही माझ्या मते तिथलाच.