गॅरेजच्या जागी लेनवे घर, आणि त्यासाठी कोथरूडचा फ्लॅट?

टोरांटोतल्या एका वाचक जोडप्याचा प्रश्न थोडक्यात असा: ईस्ट यॉर्कमध्ये स्वतःचं घर, मागे गल्लीला लागून जुनं गॅरेज. ते पाडून लहानसं लेनवे घर, म्हणजे मागच्या गल्लीला लागून वेगळं छोटं घर, बांधायचं. बिल्डरने खर्च सांगितला 4,20,000 डॉलर. त्यातले 1,70,000 कोथरूडचा फ्लॅट विकून, उरलेले 2,50,000 घरावर कर्ज काढून उभे करायचे. सासू-सासरे पुण्याहून येतील तेव्हा सहा महिने तिथे राहतील, एरवी महिना 2,600 डॉलरने भाड्याने.

खरं सांगायचं तर या बेतातला शेवटचा भागच मला सगळ्यात जास्त खटकला. ऑन्टॅरियोत लीजची मुदत संपली म्हणून भाडेकरूला निघावं लागत नाही. भाडं महिन्यामहिन्याने पुढे चालू राहतं. आई-वडिलांसाठी जागा हवी म्हणून नोटीस देता येते, पण 60 दिवसांची, एका महिन्याच्या भाड्याएवढी भरपाई देऊन, आणि त्यांनी तिथे निदान वर्षभर राहायचं या खऱ्या इराद्याने. सहा महिन्यांच्या मुक्कामाला ते बसत नाही. एअरबीएनबीसारखं 28 दिवसांखालचं भाडं म्हणाल, तर टोरांटोत ते फक्त स्वतःच्या राहत्या घरातच चालतं.

म्हणजे 'थोडं आपलं, थोडं भाड्याचं' जमणार नाही. आणि समजा, एखादी सोय झालीच, तरी हिशेब पाहा. सहा महिन्यांचं भाडं 15,600. विमा, वाढीव प्रॉपर्टी टॅक्स, दुरुस्ती मिळून मी वर्षाला 4,800 धरतो. कर्जावर 6 टक्के व्याज धरलं तर 15,000. दरवर्षी 4,200 डॉलर पदरचे घालाल, मुद्दल वेगळंच. वर्षभर भाड्याने दिलं तर व्याज जाऊन 11,400 उरतात, करपूर्व. फ्लॅटच्या पैशावर हा परतावा साडेसहा टक्क्यांच्या आसपास. वाईट नाही, पण त्यासाठी दोन-तीन महिने घर रिकामं राहिलं तरी हप्ते भरायची ताकद हवी.

'घराची किंमत वाढेल' यावर फार विसंबू नका. लेनवे घर वेगळं तोडून विकता येत नाही. पैसा मोकळा होईल तो मोठं घर विकाल तेव्हाच, आणि राहत्या घराची करमाफी भाड्याच्या भागाला मिळणार नाही. पहिला भाडेकरू आला की बांधलेल्या घराच्या बाजारभावावर 13 टक्के एचएसटी (ऑन्टॅरियोतला विक्रीकर) स्वतः आकारून भरावा लागतो. बांधकामावर भरलेला एचएसटी वळता होतो, रिबेटही असतो, पण मधल्या काळासाठी रोकड लागतेच. बिल्डरच्या आकड्यात हे धरलंय का, विचारा.

आता फ्लॅट. तुम्ही अनिवासी, त्यामुळे घेणारा टीडीएस कापणारच, तोही बहुधा नफ्यावर नाही तर पूर्ण किमतीवर. आधी कमी टीडीएसचा दाखला काढा, नाहीतर मोठी रक्कम रिटर्न भरेपर्यंत अडकते. फ्लॅट कॅनडात येण्याआधीचा असेल, तर कॅनडातल्या करासाठी नफा तुम्ही इथले रहिवासी झालात त्या दिवसाच्या बाजारभावापासून मोजतात. त्या तारखेचं मूल्यांकन पुण्यातल्या व्हॅल्युअरकडून करून घ्या.

माझा सल्ला: फ्लॅट अजून विकू नका. आधी सर्व्हे आणि डिझायनरवर थोडे पैसे घाला. अग्निशमनासाठी पुढच्या रस्त्यापासून लेनवे घराच्या दारापर्यंत सुमारे मीटरभर रुंद मोकळी वाट लागते, अंतर 45 मीटरच्या आत. जास्त असेल तर स्प्रिंकलरसारखा खर्च वाढतो. घराच्या बाजूच्या बोळात गॅसचा मीटर पुढे आलेला असतो, तिथेच टेप धरून मोजा. पाणी, सांडपाणी आणि वीज पुढच्या घरातूनच मागे न्यायची असते. ते खोदकाम त्या 4,20,000 मध्ये आहे का, लेखी घ्या.

हे सगळं जमलं, तर वर्षभराचा भाडेकरू ठेवा आणि सासू-सासऱ्यांची खोली मोठ्या घरातच करा. लेनवे घर त्यांच्यासाठीच हवं असेल, तर भाड्याचा आकडा शून्य धरून, कर्ज निम्म्यावर आणूनच पुढे जा.