तोंडातला चट्टा, आखडलेला जबडा आणि बायोप्सीची धास्ती

प्रश्न : आई ६२ वर्षांची, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहते. रोज मिश्री लावते. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा आलाय, पण दुखत नाही. दाखवायलाच हवा का?

दाखवायलाच हवा. कर्करोगाआधीचे डाग सहसा दुखत नाहीत, म्हणून तर माणसे थांबून राहतात. बोटाला गॉज गुंडाळून चट्टा पुसून बघा. सायीसारखा निघाला आणि खाली लालसर दिसले, तर बहुधा बुरशी. कवळी किंवा दम्याचा पंप वापरणाऱ्यांना ती होते. निघाला नाही, तर ल्युकोप्लेकियाचा, म्हणजे कर्करोगाआधीच्या पांढऱ्या चट्ट्याचा, संशय घ्यायचा. मिश्री जिथे दाबून ठेवतात, बहुतेक वेळा तिथेच तो उमटतो. पांढऱ्यात लाल ठिपके, खडबडीतपणा किंवा बोटाला लागणारा कडकपणा म्हणजे धोका जास्त. नुसता मखमली लाल चट्टा सर्वांत वाईट, त्यात एक आठवडाही घालवू नका. मिश्री आजच बंद करा. चट्टा पुसट झाला तरी तपासणी टाळू नका.

प्रश्न : आमचे कुळागर (सुपारीची बाग) आहे. तंबाखूला मी शिवत नाही, घरची सुपारी मात्र दिवसभर तोंडात असते. हल्ली तिखट झोंबते, जांभई देताना गाल ओढल्यासारखा वाटतो. (फोंडा)

ही सबम्युकस फायब्रोसिसची लक्षणे आहेत. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात आणि गाल चामड्यासारखा ताठ होतो. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. तीन बोटे जात नसतील, तर दंतवैद्याकडून अंतर मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. ३५ मिमीपेक्षा कमी असेल तर तोंड आखडू लागले आहे, असे समजा. तंबाखू नाही म्हणून निर्धास्त राहू नका. नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच दिला आहे. सुपारी सोडली की आजाराची वाढ मंदावते, पण घट्ट झालेले पट्टे पूर्ण विरघळत नाहीत. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरून, दर काही दिवसांनी एक काडी वाढवत तोंड उघडण्याचा व्यायाम करतात, पण तो डॉक्टरांकडून शिकूनच करावा.

प्रश्न : बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा काढणे) सांगितली आहे. सुरी लागली की रोग पसरतो, असे घरचे म्हणतात. निळ्या औषधाने गुळण्या करून कळते म्हणे, ते चालणार नाही का?

तोंडाच्या बायोप्सीने कर्करोग पसरत नाही. ती टाळण्यात जे महिने जातात, त्यात तो वाढतो. निळे औषध म्हणजे टोल्युइडिन ब्लू. संशयित जागा त्याने गडद होते, पण साध्या जखमेवरही रंग चढतो आणि काही धोकादायक चट्टे रंग घेतच नाहीत. तुकडा कुठून घ्यावा हे ठरवायला त्याचा उपयोग आहे, निदानाला नाही.

आणि जागा चुकली तर अहवालही चुकतो. तुकडा सर्वांत लाल, कडक किंवा खरखरीत भागातून, थोड्या खोलीपर्यंत घ्यावा लागतो. व्रणाच्या मध्यातून घेतला तर नुसती मेलेली पेशीच हाती येते. चट्टा मोठा असेल तर दोन-तीन ठिकाणचे तुकडे हवेत. जागा बधिर करून साधारण ५-६ मिमीचा तुकडा काढतात, तो १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, लागल्यास एक-दोन टाके. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

अहवालात ‘डिस्प्लेशिया’ (पेशींतले कर्करोगाकडे झुकणारे बदल) हा शब्द शोधा. मध्यम किंवा तीव्र असेल तर चट्टा काढण्याचा सल्ला सहसा दिला जातो. सौम्य असेल किंवा मुळीच नसेल, तरी काही महिन्यांनी पुन्हा तपासायचेच. काढलेला चट्टाही परत येऊ शकतो.

प्रश्न : व्यसन काहीच नाही. जिभेच्या कडेला तुटलेली दाढ घासून व्रण झालाय, महिना झाला. (काणकोण)

महिना फार झाला. दाढेची धार आधी दंतवैद्याकडून घासून घ्या. त्यानंतर दोन आठवड्यांत व्रण पूर्ण भरला नाही, किंवा त्याच्या कडा आजच कडक लागत असतील, तर बायोप्सी. जिभेच्या कडेचा कर्करोग निर्व्यसनी माणसालाही होतो. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात ही तपासणी होते. जाताना चालू औषधांची यादी बरोबर न्या.