वटवट्या ओळखावा कसा?

प्रश्न : आमच्या अंगणातील आंब्यावर आणि कुंपणाच्या मेंदीत हिवाळाभर चिमणीहून लहान, मळकट हिरव्या-तपकिरी रंगाचे पक्षी वावरतात. पुस्तकातील वटवट्यांची चित्रे पाहिली, तर सगळी सारखीच वाटतात. हे नेमके कोणते पक्षी आणि उन्हाळ्यात ते कुठे जातात? — एक वाचक, सातारा

उत्तर : केवळ रंगावरून वटवट्या ओळखण्याचा हट्ट धरला, तर मुरलेल्या पक्षीनिरीक्षकाचीही फजिती होते, म्हणून तो कुठे बसला आहे ते आधी पाहावे, मग कान द्यावा आणि दुर्बीण शेवटी लावावी. आंब्याच्या वरच्या पालवीत क्षणभरही न थांबता पानामागून पान धुंडाळणारा आणि मध्येच ‘चिस्‌-वीट’ असा दोन तुकड्यांचा आवाज काढणारा पक्षी बहुधा हिरवट पर्ण वटवट्या असतो. त्याची फिकट, लांब भुवई ठळक दिसते. पंखावर एक बारीक पांढुरकी रेघही असते, मात्र पिसे झिजली की ती दिसेनाशी होते, त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नये.

मेंदीतला पक्षी वेगळा असावा. मातकट तपकिरी, लांबट चोचीचा, पंखावर रेघ नसलेला आणि दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा ‘चक्‌, चक्‌’ करणारा हा पक्षी म्हणजे ब्लिथचा वेळूतील वटवट्या. हे नाव मात्र फसवे आहे, कारण हिवाळ्यात तो वेळूपेक्षा झुडपांत, कुंपणांत आणि बागांतच अधिक आढळतो. एडवर्ड ब्लिथ यांनी १८४९ मध्ये त्याला शास्त्रीय नाव देताना ‘झुडपांतला’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द निवडला होता. घोळ पुढच्या नामकरणाने घातला. खऱ्या अर्थाने पाणवनस्पतींत राहणारा तो दंगेखोर वटवट्या. तो चिमणीहून मोठा असतो आणि तलावाकाठच्या पाणकणसात लपून कर्कश आवाजात बोलत राहतो.

माळावरच्या बाभळींत साइक्सचा वटवट्या शोधावा. कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तीतच त्याचे पहिले वर्णन आहे, म्हणजे हा पाहुणा आपल्याच मुलुखात प्रथम नोंदला गेला. कातळावर किंवा झाडाच्या बुंध्यावर सरपटल्यासारखा फिरणारा, पिवळसर पोटाचा पर्ण वटवट्या दिसला, तर तो आणखी निराळा.

हे पाहुणे साधारणपणे एप्रिल-मेपर्यंत परततात. हिरवट पर्ण वटवट्याची वीण हिमालयापासून उत्तरेकडे थेट रशियापर्यंत होते, तर ब्लिथच्या वटवट्याची पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंत.

प्रश्न : पावसाळ्यात अशाच एका पक्ष्याने पाने शिवून घरटे केले होते. तो शिंपीच ना? — एक वाचक, कराड

उत्तर : तसे असेलच असे नाही. राखी वटवट्याही कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरून पाने शिवतो. शिंप्याची पाठ हिरवट आणि कपाळ तांबूस असते. राखी वटवट्या वरून राखी, खालून फिकट तांबूस दिसतो, शेपटी उभारून बसतो आणि उडताना ठिणगी उडाल्यासारखा ‘किट्‌-किट्‌’ आवाज करतो. हा बारमाही इथलाच रहिवासी आहे. त्याची अंडी विटकरी, चकचकीत असतात, पण ओळख पटवण्यासाठी शिवलेली पाने उकलू नयेत. आवाज पुरेसा आहे.