रिकामी बस कुणासाठी धावते?

प्रश्न : कोरोनानंतर आमच्या मार्गावरच्या फेऱ्या कमी केल्या. विचारलं तर म्हणतात, प्रवासी घटले. मग मी रोज संध्याकाळी दारात लोंबकळत घरी येतो ती गर्दी कुठून आली? आणि दुपारी रिकाम्या पळणाऱ्या बस बंद करून त्या संध्याकाळी का सोडत नाहीत?

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग वाचून मला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण हा उद्योग मी स्वतः केलेला आहे. निवृत्त होण्याआधी २२ वर्षं मी बसची वेळापत्रकं आखत होतो. २०२० साली प्रवासी एकाएकी आटले, तेव्हा दुपारच्या फेऱ्यांवर मीच काट मारली. कागदावर एका फेरीला सरासरी नऊ माणसं. तिसऱ्या दिवशी एक वाहक तावातावानं टेबलाशी आला. “साहेब, दीडची गाडी कुणी काढली? ती नऊ माणसं म्हणजे रुग्णालयाची दुसरी पाळी आहे.” परिचारिका, वॉर्डातले मदतनीस, सफाई कामगार. ज्यांना घरून काम करता येत होतं ते घरी होते. बसमध्ये उरले होते ते असे. दुसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा लावली. सरासरीच्या आकड्याकडे मी तेव्हापासून संशयानंच बघतो.

आता तुमच्या गर्दीकडे वळू. ती नुसत्या प्रवासीसंख्येवर ठरत नाही, दोन बसमध्ये किती वेळ जातो त्यावरही ठरते. समजा, मार्गावर मिनिटाला चार माणसं येतात आणि दर १० मिनिटांनी बस आहे. एका बसच्या वाट्याला आली ४०. पुढे प्रवासी घटले, मिनिटाला तीनच येऊ लागले. ‘मागणी नाही’ म्हणून बस २० मिनिटांनी केली. आता एका बसला ६०! प्रवासी पाव हिश्शानं कमी आणि गर्दी दीडपट. त्यातले काही वैतागून दुचाकी घेतात, पुढच्या मोजणीत आकडा आणखी खाली येतो आणि आणखी एक फेरी जाते. ही घसरगुंडी कोरोनाच्या आधीही होती. कोरोनानं तिला जोराचा धक्का दिला.

दुपारची बस संध्याकाळी सोडा, हे मला आजवर शेकडो जणांनी सुचवलं असेल. पण ती बस संध्याकाळी सुटलेलीच असते. गर्दीच्या वेळी आगारातली धडधाकट गाडी रस्त्यावर असते; दुपारी तीच गाडी कमी माणसं घेऊन फिरते. ती दुपारी उभी केली तर इंधन वाचतं. चालकाचा पगार वाचत नाही, आणि संध्याकाळसाठी जास्तीची गाडीही जन्माला येत नाही. संध्याकाळी फेऱ्या वाढवायच्या तर जादा गाड्या आणि जादा चालकच हवेत, किंवा आहेत त्याच गाड्या लवकर फिरून यायला हव्यात. म्हणजे रस्त्यावर बसला वेगळी मार्गिका हवी.

साथ जोरात असतानाचा हिशेब तर आणखी अवघड होता. तासाला ६०० प्रवासी, एका बसमध्ये ६०, म्हणजे दर सहा मिनिटांनी एक बस. जाऊन-येऊन दीड तास लागत असेल तर १५ गाड्या पुरतात. अंतर राखायचं म्हणून बसमध्ये २० जणच घ्यायचे, तर तेवढ्याच प्रवाशांना दर दोन मिनिटांनी बस आणि ४५ गाड्या लागतात. तिप्पट गाड्या कोणत्या आगारात झाकून ठेवलेल्या असतात? शिवाय चालक-वाहक स्वतः आजारी पडत होते. लंडनमध्ये एप्रिल २०२० मध्ये चालकांना जपण्यासाठी प्रवाशांना मधल्या दारानं चढवायला सुरुवात झाली. कार्ड टेकवायचं यंत्र पुढच्या दाराशी, त्यामुळे त्या काळात भाडंही घेता आलं नाही. मला तो निर्णय पटतो. चालकच अंथरुणाला खिळला तर भाडं कुणाच्या गाडीत गोळा करणार?

प्रश्न : मेट्रोत दांडा धरायला अजून मन धजत नाही. रोज धुतात का, कसं कळणार?

उत्तर : हात धुवा आणि दांडा खुशाल धरा, न धरता पडण्याचा धोका मोठा आहे. पुसापुशीवर तेव्हा जगभर अफाट श्रम गेले. १९०४ पासून रात्रंदिवस चालणारी न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे ६ मे २०२० पासून रात्री १ ते ५ बंद ठेवून डबे धुतले गेले. पूर्ववत चोवीस तास व्हायला १७ मे २०२१ उजाडला. त्याआधीच, एप्रिल २०२१ मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं सांगितलं होतं की दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून कोरोनाची लागण होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये एकाहूनही कमी आहे. धोका मुख्यतः श्वासातून हवेत होता. तेव्हा दांड्यापेक्षा डब्यात ताजी हवा किती खेळते ते विचारा. बसमध्ये असाल तर खिडकी उघडा. शेजारचा कुरकुरेल, कुरकुरू द्या.

प्रश्न : आता आठवड्यातून तीनच दिवस कार्यालयात जाते. महिन्याचा पास परवडत नाही, सुट्या तिकिटांनाही पैसे जास्त जातात. तक्रार केली तर ‘नोंद घेतली आहे’ एवढंच उत्तर येतं.

उत्तर : तुमच्यासारख्यांसाठी ब्रिटनच्या रेल्वेनं जून २०२१ मध्ये वेगळा पास काढला : २८ दिवसांत कोणतेही आठ दिवस प्रवास. तुम्हाला आठही कमी पडतील, पण कल्पना चांगली आहे. मेख अशी की घरून काम करणारे पुष्कळ जण मंगळवार ते गुरुवारच निवडतात. गाड्या आणि माणसं त्या तीन दिवसांच्या गर्दीपुरती बाळगायची आणि सोमवारी-शुक्रवारी त्यांना पुरेसं काम नाही, म्हणून हिशेब मांडणाऱ्याचं डोकं दुखतं.

तक्रारीत ‘फार गर्दी असते’ असं लिहू नका. तसली पत्रं माझ्याकडे ढिगानं यायची आणि ढिगातच राहायची. दोन आठवडे एक वही ठेवा. वार, थांबा, तुम्ही किती वाजता पोचलात, किती बस न थांबता गेल्या, चढायला किती वाजता मिळालं. शेजारच्या दोघींनाही लिहायला सांगा. मग ते वेळापत्रक विभागाच्या नावानं पाठवा, तक्रार विभागाच्या नव्हे.